जिताड्यांचा उपास

ठाकूरद्वारच्या नाक्यावर तेरड्याच्या जुड्या आल्या की बाकीच्या बायका फुलांचा वास घेतात. ओल्या मुळांचा, हळदीच्या पानांचा. माझ्या नाकात मसाला शिरतो. तेलात नुकताच पडलेला कोळी मसाला. आणि त्याच्या मागून पाण्याचा वास, एका जागी थांबलेल्या पाण्याचा. गिऱ्हाईक माझ्या टोपलीसमोर उकिडवं बसून विचारतं, "मावशी, बोंबील कडक आहेत ना?" माझा हात बोंबलावर असतो, डोळे गिऱ्हाइकावर असतात, आणि मी तिथं नसते.

दोन वर्षं झाली. माणूस म्हणेल, झालं ते झालं, म्हातारे. झालंच. पण गौरीचे दिवस काय माझ्यासाठी वाट बदलून जात नायत. दर वर्षी याच नाक्यावरून येतात.

गौर म्हंजे माहेराला आलेली लेक. देशावर तिला पुरण घालतात, आमच्यात तिला तिखट लागतं. कोलंबी, चिंबोरी, मटण, वडे. सून सकाळपासून चुलीपुढं, पोरंटोरं वाटीत बोट घालून मार खातात, आणि सगळं रांधून झालं की जेवायच्या आधी एक पान समुद्राला. केळीच्या पानावर सगळ्यातलं थोडं थोडं. बाई ते घेऊन किनाऱ्यावर जाते, गुडघाभर पाण्यात उभी राहते, सोडते. माझी आई सोडायची. माझ्या सासूची सासू सोडायची. पान हलत हलत जातं, मासे खालून टोचतात, कावळे वरून. दुपार कलली की पाण्यावर काय नसतं. समुद्राला वाढलेलं उरलं, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आमचा कोळीवाडा कफ परेडच्या टोकाला, मच्छीमार नगरात. मागं एवढ्या उंच इमारती की त्यांची सावली आमच्या सुकत घातलेल्या मासळीवर पडते, मंग ती मासळी उचलून पुढं न्यायची. पुढं समुद्र. त्याला एका अंगाला दगडांचा बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या आत आडोशाचं पाणी. लहान होड्या तिथं बांधतात. लाटा बाहेरच मरतात, आत नुसतं हलकं डुलणं.

मासळी कमी होत गेली. गाऱ्हाणं नाय करत, जसं झालं तसं सांगते. माझा नवरा जिथं जाळं टाकायचा तिथंच माझा मुलगा हरेश टाकायचा. बापाच्या जाळ्यात पापलेट यायचं. मुलाच्या जाळ्यात पिशव्या, चपला, एकदा तर बाळाची गादी आली. हरेश म्हणाला, "आई, आता दुकानच टाकतो, समुद्रात सगळं मिळतं." हसवायचा. घरात दाणा नसला तरी हसवायचा.

मंग मासे पाळायचं शिकवणारी एक मॅडम आली. लहान चणीची, पाठीला पिशवी, बूट ओले. वाड्यातल्या बायकांना गोळा करून तिनं मोबाईलवर एक देश दाखवला. तो देशच सगळा बेटांचा. वादळ आलं की गावच्या गाव वाहून जातं, म्हणाली, आणि लोक त्याच जागी परत खांब रोवतात. तिथल्या बायका समुद्राच्या आत कुंपण घालून मासे आणि शिंपले वाढवतात. आणि एक तुकडा तसाच सोडतात. बांबूला नारळाची झावळी बांधतात. झावळी दिसली की तिथं कोणी जाळं टाकायचं नाय, माशांनी बिनघोर वीण घालायची. मोबाईलमध्ये एक म्हातारी पाण्यात उभी राहून हसत होती. पुढचे दात नव्हते.

शेजारची जानकी म्हणाली, "काशीबाय, ही तर तुझी बहीण. कधी सांगितलं नाय तू."

मी म्हटलं, "मुंबई पण बेटंच होती गो. बहीणच असणार."

तर तसे आमचे पिंजरे झाले. लोखंडी चौकट, ती तरंगायला निळे पिंप, आणि आत पिशवीसारखं खाली लोंबणारं जाळं. बाकीच्यांनी जाळं विकत आणा म्हटलं, हरेश ऐकेना. बंधाऱ्यावर बसून त्यानं स्वतः विणलं. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, तोंडानं गाणं गुणगुणत. त्यात जिताड्याची पिल्लं सोडली. टेम्पोतून हवा भरलेल्या पिशव्यांत आली होती, बोटाएवढी. जिताडा मोठा झाला की चांदीसारखा दिसतो, तोंड मोठं, आणि खाणं वर आलं की पाण्यावर चप्पकन वाजवून गिळतो. शंभर जणांनी एकदम टाळी वाजवावी तसं. वाड्यातली पोरं ती टाळी ऐकायला यायची.

खाणं द्यायचं काम बायकांनी माझ्या सुनेला दिलं. सुरेखा. तिच्या हाताला माप आहे. भाताला पाणी घालते ते कधी चुकत नाय, बोलते ते पण मोजून. खाण्याच्या पेटीची किल्ली तिच्या कमरेला. मॅडमनं तिला सांगितलं होतं, जास्त द्यायचं नाय, वरून कोणी काय टाकायचं नाय. सुरेखानं ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

त्या बेटवाल्यांसारखा एक तुकडा आम्ही पण सोडला, पिंजऱ्यांच्या पलीकडं, बंधाऱ्याच्या कोपऱ्यात. झावळीच्या जागी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी. हरेश म्हणाला, "घ्या, समुद्राला पण सोवळं नेसवलं." जाळ्यात पोटाखाली अंडी घेतलेली शेवंड आली, चिंबोरी आली, तर ती तिथं नेऊन सोडायची, असं ठरलं. जानकी तडकली. "गाभोळीची चिंबोरी सोडायची? मंग खायचं कोणाला, नवऱ्याला?" नवरा बाजूलाच होता. म्हणाला, "मला कशाला, माझ्यात गाभोळी नाय." हसलो सगळे. पण सोडायला लागलो. जानकी पण सोडायची, शिव्या देत सोडायची.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याची बंदी लागली. होड्या वर ओढल्या. हरेश होडीच्या बुडाला डांबर लावत होता. म्हणाला, "आई, पाणी दे गो." मी तांब्या घेऊन आले तर तो बसल्या जागी होडीला टेकला होता. ब्रश हातात होता. ब्रशातून डांबर गळत होतं, थेंब पडला की मंग दुसरा थेंब. मी तांब्या घेऊन तशीच उभी. डॉक्टर म्हणाला, छातीत कळ आली असणार. त्याला कळ आलेली मला दिसली नाय. त्यानं फक्त पाणी मागितलं.

मी रडले नाय म्हणतात. मला आठवत नाय. मला डांबराचे थेंब आठवतात.

तेराव्यानंतर सुरेखा उठली, पदर खोचला आणि पिंजऱ्यावर गेली. मागून आवाज आलेच. वर्ष सरलं नाय, ओली विधवा, जित्या जिवाला खाणं घालते. माझ्या कानावर आले, तिच्या पण आले असणार. मी तिला म्हटलं, "जा तू." ती म्हणाली, "आई, त्यांनी विणलेलं जाळं आहे. शेवाळ धरतं. घासायला कोणीतरी पाहिजे." एवढंच बोलली आणि गेली. रोज जायची. जिताडे तोवर हातभर झाले होते. तिची सावली पडली की वर यायचे. घरी तिला कोणी हाक मारणारं राहिलं नव्हतं, मी सोडून. तिथं एवढी तोंडं तिच्यासाठी उघडायची. मला कळत होतं. पिंजरे होते म्हणून सुरेखा होती. ते नसते तर ती अलिबागला भावाकडं गेली असती, आणि मी चार भिंतीत हरेशच्या शर्टाबरोबर.

मंग गौरी आल्या.

आमच्या घरात त्या वर्षी सण नव्हता. वर्षाच्या आत गौर बसवत नायत. ज्या घरात सण नाय त्या घराला वाडा उपाशी ठेवत नाय, ही रीत. दर घरातून ताट येतं. पण सणाच्या दिवशी दुःखाच्या घरात बसत नायत, ही पण रीतच. म्हणून ताट उंबऱ्यावर ठेवायचं, हाक मारायची, जायचं. "काशीबाय, ठेवलंय गो." दार उघडेपर्यंत पैंजण लांब गेलेले. उंबऱ्यावर ताटाला ताट लागलं. ताटं आली, बसलं कोणी नाय.

सुरेखानं सकाळी जिताड्यांना मापाचं खाणं घातलं, घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मी ताटं आत घेतली. फेकायचं पाप. प्रत्येकातलं थोडं थोडं खाल्लं. उन्हाळ्यात आम्ही सगळ्याजणी मिरच्या घेऊन लालबागला जातो, एकाच गिरणीत मसाला कांडतो, एकमेकींच्या पुढं शिंकतो. तरी दोन घरांचा मसाला एक होत नाय. जानकी दगडफूल जास्त घालते, तिच्या कोलंबीला मागून कडवट धूर लागतो. कोपऱ्यावरची पार्वती बडीशेप घालते, गोडसर. कोणी खसखस, कोणी तिरफळ. मी ते सगळं गिळत होते आणि मला कशाचीच चव नव्हती, पण जिभेनं ओळख ठेवली. जीभ काय दुःख पाळत नाय.

त्या दिवशी पाऊस उघडला होता. ऊन असं की डोकं फिरावं. वाऱ्याचा पत्ता नाय. आणि गौर नेहमी अष्टमीच्या आसपास येते, अष्टमीला भांग असतो. पुनवेला, अवसेला समुद्राला उधाण येतं, पाणी ढुशा देत आत येतं आणि ओढून बाहेर जातं. भांगाला तसं नाय. पाणी येतं न येतं, जातं न जातं. आळसावतं. बंधाऱ्याच्या आत तर ताटातल्या कढीसारखं उभं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला घारींचा आवाज आला. खूप घारी. सुरेखा उठून धावली, मी मागून. बंधाऱ्यावर चढलो आणि थांबलो.

पिंजरे पांढरे झाले होते.

पहिल्यांदा मला वाटलं कोणी चादरी धुऊन टाकल्यात. माणसाचं डोकं असं करतं. डोळ्यांना दिसतं ते त्याला घ्यायचं नसतं, मंग ते काहीतरी दुसरं काढून देतं. चादरी नव्हत्या. पोटं होती. एकाला लागून एक, सगळी पोटं वर. टाळी नाय, हालचाल नाय, नुसतं डुलणं. घारी वरून झडप घालत होत्या आणि कोणाला हाकलायचं सुचत नव्हतं. सुरेखाची सावली पाण्यावर पडली होती. ती तशीच धरून उभी होती ती, कोणी वर येईल म्हणून.

वाडा गोळा झाला. कोणी म्हणे जहाजाचं तेल. कोणी म्हणे गटाराचं पाणी सोडलं. कोणी म्हणे विष घातलं, आपल्यावर जळणारे काय कमी आहेत. आवाज चढले आणि मंग एकदम उतरले. आवाज असे उतरले की मला कळतं, आता माझ्या घराचं नाव येणार.

जानकी बोलली. दुष्ट बाई नाय ती, तिची पण माशांवर आशा होती. लेकीचं लग्न दिवाळीनंतर धरलं होतं. म्हणाली, "काशीबाय, बोलायला नको. पण वर्ष सरलं नव्हतं. गौरीच्या दिवशी पण ती पाण्यावर गेली. समुद्राच्या काय गोष्टी पाळायला लागतात."

कोणी जानकीला गप्प केलं नाय. मी बघितलं, एकेकीच्या तोंडाकडं. सगळ्या खाली बघत होत्या.

सुरेखानं कमरेची किल्ली काढली. खाण्याच्या पेटीवर ठेवली. आवाज न करता ठेवली. म्हणाली, "जाळं तेवढं मला द्या. बाकी तुमचं."

त्या वेळी काळजात जे झालं ते हरेशच्या वेळी पण झालं नव्हतं. तेव्हा देवानं नेलं. आता माणसं नेत होती.

विषाचं असेल तर कल्ले काळे पडतात, पोट फाडून बघा, असं कोणा नाखवानं सांगितलं. मासा कापायचा म्हटल्यावर पुरुष बाजूला झाले. टोपल्या भरून मासे बंधाऱ्यावर ओतले. जानकी कोयता घेऊन पुढं बसली. पटाईत हात तिचा. कल्ला उचलून बघितला, लाल होता. मंग पोटाला पातं लावलं आणि ओढलं.

वास आला.

सडल्याचा नाय. मसाल्याचा. गरम दगडांवर, सकाळच्या उन्हात, मेलेल्या जिताड्याच्या पोटातून कोळी मसाल्याचा वास आला. आतून सोललेली कोलंबी बाहेर आली, लाल, शिजलेली, हळद लागलेली. कोयता तिच्या हातात तसाच अडकला. तिनं वाकून वास घेतला. मागून येणारा कडवट धूर माझ्या नाकापर्यंत पोचला होता, तिच्या नाकाला काय सांगायचं. आपल्या हातचा मसाला बाई झोपेत पण ओळखते.

जानकीनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं. मला ठाऊक आहे हे तिला कळलं. आदल्या दिवशी मी तिचंच ताट खाल्लं होतं.

मी म्हटलं, "दुसरा काप."

दुसऱ्याच्या पोटात मटणाचा तुकडा, बडीशेपेचा वास. पार्वतीनं तोंडाला पदर लावला. तिसऱ्यात चिंबोरीचा गर. पुढच्यात भिजून फुगलेला वडा. कापत गेली आणि एकेक घर बाहेर येत गेलं. घारी वर फिरत होत्या, खाली येत नव्हत्या, का मला तसं वाटलं. मंग पुरुषांनी जाळं वर ओढलं. तळाला भात होता. भाताचा थर, त्यात केळीची पानं, नारळाचे तुकडे, काजळी धरलेली एक वात. आणि त्या भाताखाली दोऱ्याच्या गाठी, माझ्या मुलाच्या हाताच्या.

पार्वती पहिली बोलली. "मी एकच पान सोडलं. एकच गो. म्हटलं, रोज बिचारे ते कोरडं खातात. सणाला तरी."

"मी पण एकच," दुसरी म्हणाली.

"मना वाटलं मी एकटीच."

"सुरेखा रागावल म्हणून मी दुपारी गेले, ती पडली होती तेव्हा."

"आणि मी तुझ्या मागून. तुझी पाठ बघितली मी. मला वाटलं तू धुणं धुवायला आलीस."

सगळ्यांनी एकेकच पान दिलं होतं. सगळ्या वाड्यानं.

मॅडम दुपारी आली. पाणी बाटलीत घेतलं, कसलीशी पट्टी बुडवली. नरम आवाजात सांगितलं की मासे विषानं नाय, गुदमरून मेले. उरलेलं अन्न कुजलं, त्यानं पाण्यातली हवा खाल्ली. ऊन होतं, वारा नव्हता, भांगाचं पाणी हललं नाय. पोट भरलेल्या माशाला हवा जास्त लागते आणि हवाच नव्हती. "एका पानानं काही झालं नसतं," ती म्हणाली. हे तिनं समजूत काढायला म्हटलं. ते ऐकून पार्वती रडायला लागली.

मी त्या दिवसाचा विचार खूप केला. सुकट निवडताना करते. आमच्या बायांनी वाईट काय केलं? समुद्राला पान दिलं. आजी द्यायची, पणजी द्यायची. फक्त तेव्हा मासा खाऊन निघून जाऊ शकत होता. नको झालं तर खोल जात होता, पानाला पाणी ओढून नेत होतं. आता मध्ये जाळं आलं होतं, आमचंच. समुद्राला आम्ही कुंपण घातलं, हे डोक्याला कळलं होतं, आमच्या हातांना कुठं कळलं होतं? हात तसेच राहिले, जुने.

आणि दुसरं एक. उंबऱ्यावरची ताटं आणि पिंजऱ्यातली पानं एकाच चुलीवरची होती. एकाच मायेची. आमच्या घरात पण त्या दिवशी हवा नव्हती.

मासे पुरले. एवढे मासे पुरताना मी कधी बघितलं नव्हतं, कोळ्याच्या जातीनं मासा जमिनीत घालायचा. वाडा चार-पाच दिवस बोलत नव्हता. गणपती गेले ते पण बिनआवाजाचे. सुरेखानं जाळं घरात आणलं होतं, घासून घासून धूत बसायची, मसाल्याचा वास जात नव्हता. अलिबागचा भाऊ येणार होता तिला न्यायला.

गणपती गेले त्या दिवशी संध्याकाळी जानकी आली. दारात उभी राहिली. तिच्या हातात ताट नव्हतं, वाटी नव्हती, काय नव्हतं. आत आली आणि बसली. वर्ष सरलं नव्हतं, तरी बसली. जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर ओढलं आणि घासायला लागली. सुरेखानं वर बघितलं नाय. दोघी घासत राहिल्या. मी दिवा लावला. मंग जानकीनं पेटीची किल्ली आपल्या कमरेतून काढून सुरेखाच्या पुढ्यात सरकवली.

"माफ कर नाय म्हणणार मी," जानकी म्हणाली. "तुझ्या सासूला विचार, मी नवऱ्याला पण कधी म्हटलं नाय."

सुरेखा म्हणाली, "इथली गाठ सुटलीय. धरा जरा."

भाऊ आला, चहा प्यायला, एकटाच परत गेला.

पिंजरे रिकामे, पिल्लांची सोय लगेच होण्यासारखी नव्हती. पण त्या हिवाळ्यात आणखी एक नवल झालं. हिरव्या लुगड्याच्या पट्टीखाली आम्ही जुने दोर बांधून ठेवले होते, टाकवत नाय म्हणून. ओहोटीला सुरेखा तिथं गेली आणि हाक मारली. मला वाटलं परत काय मेलं. बघते तर दोर दिसत नव्हते. शिनाणे लागले होते, हिरवे काळे शिंपले, एकावर एक, मनगटाएवढ्या दोराची मांडी झालेली. खाली चिंबोऱ्या पळत होत्या. ज्यांना जानकीनं शिव्या देऊन सोडलं होतं त्यांचीच लेकरं असणार. त्यांना आम्ही कोणी काय भरवलं नव्हतं. काय दिलं नव्हतं. फक्त त्या जागेत गेलो नव्हतो. अर्धे दोर काढले, अर्धे तसेच ठेवले. तो हिवाळा वाड्यानं शिनाण्यांवर काढला. जानकीच्या लेकीचं लग्न उशिरा झालं, पण झालं, आणि वऱ्हाडाला शिनाण्यांचा रस्सा होता.

मंग परत पिल्लं आली. परत तेच जाळं, हरेशचं, ठिगळं लावलेलं.

आता वाड्यात नवी रीत आहे. गौरीच्या दिवशी पिंजऱ्याला उपास. मापाचं खाणं पण नाय, काहीच नाय. सगळ्या घरांची पानं एका होडीत घालायची, बंधाऱ्याच्या बाहेर मोकळ्या पाण्यात जायचं, जिथं समुद्र नेऊ शकतो, तिथं सोडायची. पोरं विचारतात, आजी, मासे पण उपास धरतात? मी म्हणते, धरतात तर. तुमच्यापेक्षा बरे, साबुदाणा मागत नायत.

गेल्या वर्षी मन झालं नाय, यंदा आमच्या घरात गौर बसली. सुरेखानं उभी केली, हिरवं लुगडं नेसवलं, चिंबोरीचा रस्सा केला. मसाला जरा जास्त झाला होता. तिच्या हातचं माप पहिल्यांदा चुकलेलं मी बघितलं, बोलले नाय. पान घेऊन ती होडीत बसली. जानकी वल्ह्यावर, पार्वती मध्ये, आणि पानांनी होडी अशी भरलेली की बसायला जागा नाय.

मी मागं राहिले. मला बंधाऱ्यावर बसवतात, राखण म्हणून. कोणाचा हात जुना झाला तर धरायला. ऊन होतं, वारा होता थोडा. मी पिंजऱ्याच्या कडेला बसले. माझी सावली पाण्यावर पडली तशी खालून चांदी हलली आणि सगळे वर आले. तोंडं उघडी. एवढी तोंडं. ओटीत माझ्या काय नव्हतं, तरी हात ओटीकडं गेला. गेलाच.

मी दोन्ही हात पाण्यावर धरले, उघडे. दाखवले त्यांना. ते थांबले थोडा वेळ, खालून बघत. मी पण बघत राहिले. हरेशच्या गाठी पाण्यातून दिसत होत्या, शेवाळ नव्हतं त्यांना.

बाहेरून होडीतून सुरेखाचा आवाज आला, "आई, काय घातलं नाय ना त्यांना?"

"नाय गो," मी ओरडले. "बसलेय नुसती."